हार्मोनियमवर हार्ड रॉक

ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या एका दुकानात तूरडाळीच्या डब्यावर झाकण म्हणून चक्क एक ग्रामोफोनची तबकडी ठेवलेली होती. खोटं सांगत असेन तर उद्यापासून माझ्या वरणाला फोडणी नको! पद्मानं ती उचलायला हात घातला, तर तिची पलीकडची कड आधीच कुणाच्या तरी बोटांत होती.

"सोडा," पद्मा म्हणाली.

"तुम्ही सोडा... नाहीतर कडेला तरी धरा. मधे बोट लागलं की खरखर येते."

पद्मानं मान वर केली. उंच, कुरळ्या केसांचा माणूस, आणि आवाज इतका हळू की डाळीत पडला तर पुन्हा सापडू नये.

"हे भजन नाहीये," तो म्हणाला. "हार्ड रॉक आहे. एकाहत्तर सालचं."

"माहीत आहे. माझ्या कपाळावर काय भजन लिहिलंय?"

"नाही... कपाळावर तर..." तो अडखळला. "बट आली आहे."

"अरे भाई," दुकानदार वैतागला, "दाल लेनी है कि ढक्कन?"

"ढक्कन!" दोघं एकदम म्हणाले.

ही सन दोन हजारची गोष्ट. तो दौलतसिंह, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा आणि आई विजयाबाईंबरोबर थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. त्याचे पूर्वज इथे घोड्यावरून आले. पद्माचे पूर्वज पोथ्या घेऊन आले, आणि ती सरकारी शाळेत गणित शिकवायची. तबकडी पद्मानं पटकावली; पण ती वाजवायचं यंत्र दौलतसिंहकडे! मग दर रविवारी तिला थाटीपूरला जावंच लागलं. इलाज काय?

पहिल्या रविवारी ड्रम असा कडाडला की मोरारपर्यंतची कबुतरं उडाली. विजयाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, कुकर फुटला का?"

"आता तिसरं गाणं लावू?" दौलतसिंहनं विचारलं.

"उडी मारायची नाही! अल्बम पहिल्यापासून ऐकायचा. सुटी गाणी ऐकणारे लोक पोळी टाकून पुरण तेवढं खातात." पद्मा पुढे सरकली. "बघ, पहिलं गाणं लाथ मारून दार उघडतं. दुसरं आत येऊन भांडतं. आणि तिसऱ्यात ती गिटार... तेव्हा कळतं, हा ओरडणारा माणूस एकटा आहे."

सुई खोबणीतून फिरत होती आणि दौलतसिंह तबकडी सोडून भलतीकडेच बघत होता. पद्माला ते कळलं. तिनं बट मागे सारली नाही.

असे सात रविवार गेले. मग राज्याची वाटणी आली. एक नोव्हेंबरपासून छत्तीसगड वेगळं होणार होतं, आणि तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत दौलतसिंहचं नाव निघालं. जायचं रायपूरला. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर त्यांना एकाच राज्यात ठेवतात, एवढी एक वाट त्याला हेडक्लार्कनं दाखवली; कुठल्या राज्यात, ते मात्र सरकार ठरवणार. अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत होती.

शनिवारी फूलबागेत त्यानं खिशातून फॉर्म काढला.

"पद्मा, बात अशी आहे की... आपलं लग्न झालं, तर या रकान्यात..."

"रकान्यात?"

"म्हणजे, सोयीचं पडेल..."

"मी सोय नाहीये, दौलतसिंह! सरकारला विचारायचं ते तू फॉर्मवर विचार. मला विचारायचं असेल तर मला विचार." आणि ती तरातरा निघून गेली.

घरी आणखी एक बातमी होती. इंदूरच्या शालिनीताई आपल्या मुलासाठी उद्या तिला बघायला येणार होत्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरात मुलगी बघायला आले की दोन गोष्टी ठरलेल्या: आधी पोहे, मग बंदिश.

"गाते ना मुलगी?" रविवारी पोहे संपवून शालिनीताईंनी विचारलं.

"गाते म्हणजे!" पद्माचे वडील गोपाळकृष्ण, म्हणजे नाना, छाती फुगवून म्हणाले. "पद्मा, बस पेटीवर."

पद्मा बसली. तिनं भाता ओढला आणि खर्जातल्या चार सुरांचा तो दणकट तुकडा वाजवला. पहिल्या गाण्याचा... लाथ मारून दार उघडणारा! पुन्हा वाजवला. पुन्हा! भात्याच्या वाऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून नोव्हेंबर दिसायला लागला. शालिनीताईंच्या मुलानं बशीच्या आड तोंड लपवलं.

नाना लाल झाले होते. पण कान ग्वाल्हेरचा! चौथ्यांदा तो तुकडा बरोब्बर समेवर उतरला आणि त्यांचा तळहात आपोआप मांडीवर पडला. "वाह!" तोंडातून निघूनही गेलं.

पाहुणे चहाला थांबले नाहीत.

"नाक कापलंस," नाना म्हणाले.

"तुम्ही दाद दिलीत."

"चुकून!"

"समेवर? तुमच्याकडून?"

नानांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "तुझे थाटीपूरचे रविवार आणि त्याचं यादीतलं नाव, सगळं कानावर आलंय माझ्या. या आरड्याओरड्यासाठी तू रायपूरला जाणार?"

"आरड्यासाठी नाही, नाना. त्याच्यासाठी." पद्माची नजर खाली गेली नाही. "तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या पाया पडून जाईन. आणि नाही म्हणालात... तरी पाया पडूनच जाईन."

नानांनी पेटी स्वतःकडे ओढली. "खालचा सा नीट दाबत जा," ते पुटपुटले. "अर्धाच बोलत होता."

पद्मा वाकली आणि धावतच निघाली.

थाटीपूरला दौलतसिंह गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होता. ती खाली रस्त्यात उभी राहिली.

"विचार!"

"वर ये ना..."

"इथूनच. मोठ्यानं!"

त्यानं आजूबाजूच्या खिडक्यांकडे बघितलं. हातातली चादर खाली पडली. छाती भरून श्वास घेतला, आणि ज्या माणसाचा आवाज डाळीत हरवला असता तो असा गरजला की किल्ल्यावरचे पर्यटक वळून बघायला लागले—

"पद्मा! तू मला हवी आहेस! रायपूरला, ग्वाल्हेरला, कुठेही! लग्न करशील माझ्याशी?"

सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या सक्सेनाकाकू ओरडल्या, "अरी बोल दे हाँ, लड़का गिर जाएगा छत से!"

पद्मा जिना चढून वर गेली. त्याच्या अगदी जवळ उभी राहिली... आणि इतकं हळू "हो" म्हणाली, की ते ऐकायला त्याला वाकावं लागलं.