जोडलेले: दोन

यात मी मीठमसाला लावलेला नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्यात. ताई असली भुताखेतांची पेजेस वाचत नाही, म्हणून निदान इथे तरी लिहितोय.

रविवार होता. दुपारचे अडीच वाजलेले. रात्र नाही, वादळ नाही, बाहेर लख्ख ऊन.

मी सर्व्हर सांभाळणारा माणूस. माझी मोठी ताई इमारतींचे नकाशे काढते. भाऊजी गेल्यावर ती भाड्याच्या एका लहानशा घरात राहायला गेली. एकटीच. माझ्यापासून बसने दोन तास. तिथे तिला जरा झोप लागायला लागली होती, कामही सुरू झालं होतं. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता.

नकाशे ठेवायला मी तिला एक जुना लिनक्स सर्व्हर दिला होता. नुसता डबा. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना माऊस. त्याची घरघर नको म्हणून तिने तो स्टोअररूममध्ये ठेवला. त्या खोलीला खिडकी नाही. दार आपोआप उघडायचं, म्हणून ताई बाहेरून कडी लावायची.

"काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसायला मी काय तुझ्यासारखी रिकामी आहे?" ताई म्हणाली होती. "मला आयकॉन दे. क्लिक केलं की फाइल उघडली पाहिजे."

म्हणून त्या रविवारी मी माझ्या घरूनच त्या डब्यावर एक हलकासा डेस्कटॉप चढवला. जड काही त्याला झेपलं नसतं. तो डेस्कटॉप मला इथे दिसणार आणि ताईला तिच्या लॅपटॉपवर. पडदा एकच, बघणारे दोघं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसणार.

"फोन चार्जिंगला लावते आणि जोडते," ताई म्हणाली. "तू नोटपॅड उघडून ठेव, तिथेच बोलू."

मी जोडलो. कोरा निळा पडदा आला.

जोडलेल्यांची यादी बघितली...

दोन जण.

दोघांसमोरही पत्ता त्या डब्याचाच होता. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या सुरक्षित मार्गाने येणारा प्रत्येकजण यादीत आतूनच आल्यासारखा दिसतो. ती व्यवस्था मीच केली होती, आणि मला तिचं कौतुकही होतं.

मी नोटपॅडमध्ये लिहिलं, 'आलीस का गं?'

बराच वेळ काहीच नाही.

मग खालच्या ओळीत एकेक अक्षर उमटायला लागलं...

'आहे.'

'वा! जमलं की तुला. नीट दिसतंय ना?'

'अंधार आहे.'

ताई आणि तिचा लॅपटॉप! मी लिहिलं, 'स्क्रीनचा उजेड वाढव, बाईसाहेब.'

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

'गरम होतंय.'

'मग दार उघड की.'

'बाहेरून कडी आहे.'

मी हसलो. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. ताई स्टोअरबद्दल सांगतेय!

डब्याचं तापमान बघितलं. एक्क्याण्णव अंश. माझ्या डोळ्यांसमोर ब्याण्णव झालं. ताईचं दोन महिन्यांचं काम त्यात होतं, आणि त्या कामावरच ती उभी राहिली होती.

मी फोन लावला. तिला बोलूच दिलं नाही.

"ताई, आधी स्टोअरची कडी काढ! दार सताड उघड. डबा तापलाय."

"अगं बाई! माझे नकाशे!"

चपलांचा आवाज आला. मग कडीचा. मग दार करकरलं.

"उघडलं," ती म्हणाली. "पण अरे, इथे तर छान गार आहे. डब्याला हात लावला, तोही गारच."

मी आकडा बघितला. अडतीस.

"काहीतरीच घाबरवतोस," ताई म्हणाली. "खरकट्या हाताने पळत आले. आता जेवण होऊ दे माझं, मग लॅपटॉप उघडते. पासवर्ड काय आहे?"



"तू... अजून जोडलीच नाहीस?"

"कशी जोडणार? पासवर्ड कुठे दिलास?"

मी यादी बघितली.

एक जण. मी.

नोटपॅडमधल्या ओळी तशाच होत्या. खाली नवीन काही आलं नाही. लिहायची गरजच उरली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेलो. सगळ्या नोंदी तपासल्या. दिवसभरात बाहेरून फक्त मीच आत आलो होतो. स्टोअर रिकामं होतं. निघताना सवयीने कडीला हात घातला आणि थांबलो. आता ती लावून काय उपयोग होता?

ताईला काही बोललो नाही. नुकती कुठे सावरलेली बाई. घर बदल, म्हणून मात्र मागे लागलोय. घर लांब आहे, ओल आहे, वाट्टेल त्या सबबी सांगून झाल्या. ती ढिम्म हलत नाही.

परवा पुन्हा विषय काढला. ती खळखळून हसली. भाऊजी गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"उगाच जिवाला घोर लावून घेतोस," ती म्हणाली. "अरे, आता या घरात मला एकटं वाटतच नाही."

मी "बरं झालं" म्हणालो आणि फोन ठेवला.

ते दार मी कुणासाठी उघडायला लावलं, हे तिला कसं सांगू? मलाच ते माहीत नाही.