हिरवं बॉनेट

काम साधंच होतं. चिमीच्या आईला त्या सकाळी नवऱ्याबरोबर भंगारवाल्याकडे जायचं होतं, एवढंच. खरं तर तिचं तिथे काही काम नव्हतं. पण चिमीला ताप होता, पोर आईच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हती, आणि नवऱ्याला जड पत्रा धरायला दुसरं माणूस हवं होतं. उसना मागून आणलेला टेंपो खडखडत निघाला तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "तापाचं पोर घेऊन भंगारात चाललात. तिथून काय काय आणाल देव जाणे."

घरची गाडी अंगणात तोंड फुटून उभी होती. धुक्यात उभ्या ट्रॉलीवर जाऊन आपटली होती. नवरा खरचटण्यावर सुटला. पण बॉनेट कागदासारखं चुरगळलं, रेडिएटर आत घुसला, ब्रेकची नळी फुटली, एक हेडलाइट तारेला लोंबकळत राहिला. त्याच गाडीवर तो भाडी मारायचा. गाडी चालली तर घर चालायचं. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून आल्यावर तो म्हणाला होता, "मी घरीच करतो. हात आहेत ना मला!"

हे वाक्य नंतर तिला भाकरी थापताना, कपडे पिळताना, कधीही आठवायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं.

भंगारवाल्याने त्यांना पार मागे नेलं. तिथे तशीच एक गाडी होती, हिरवी. मागून अर्धी चेपलेली, पण पुढचं तोंड अगदी कोरं. त्याने बोटाच्या पेराने बॉनेटवर वाजवून दाखवलं. टक, टक. "ऐका आवाज. आत पुट्टी भरली असती तर बसका आला असता. अस्सल पत्रा आहे."

तिला वाटलं, तो हात काढून उभा राहिल्यावरही एक टक ऐकू आली. असेल, एवढ्या लोखंडात आवाज घुमतच असेल.

"मागून एवढी चेपलीय," ती न राहवून म्हणाली, "मग आत बसलेल्या माणसांचं काय झालं, भाऊ?"

भंगारवाला पान्याशी चाळा करत राहिला. "वहिनी, इथे मालाचं विचारायचं असतं. माणसांचं नसतं विचारायचं."

"अगं, लग्न जमवायला आलोय का आपण?" नवरा हसला. तीही हसली. विचारणं तिथेच राहिलं.

बॉनेट, रेडिएटर, बंपर, दोन्ही हेडलाइट घरी आले. पांढऱ्या गाडीला हिरवं तोंड बसलं तेव्हा सासूबाई पदराआड हसल्या. "पोपट झालाय नुसता! आता भाडी मारतोय की पेरू खातोय ते बघायचं."

नवऱ्याला कामात बघणं तिला आवडायचं. वाकलेली पट्टी तो ठोकून सरळ करायचा, गंजलेल्या नटला तेल लावून थांबायचा, घाई करायचा नाही. फक्त उन्हं चढली की त्या बॉनेटला एक वास सुटायचा. जळक्या ऑइलचा नव्हे. बंद खोलीत ओले केस वाळत घातल्यासारखा. तिने साबण लावून ते दोनदा धुतलं. वास गेला नाही. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. उगाच कशाला त्याच्या उत्साहावर पाणी ओता.

मग ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकापाशी नळीचा नट सैल करून हवा जाऊ द्यायची. बॉनेट वर करून काठीने टेकवलेलं होतं, त्यामुळे आत बसलेल्या तिला समोरच्या काचेतून फक्त हिरवा पत्रा दिसायचा. नवरा दिसायचाच नाही. म्हणून त्याने आधीच बजावलं होतं, "मी 'दाब' म्हटलं की दाबायचा आणि 'दाबला' म्हणायचं. 'सोड' म्हटलं की सोडायचा आणि 'सोडला' म्हणायचं. तुझं उत्तर आल्याशिवाय मी पुढे हात घालणार नाही."

"दाब!"

"दाबला."

"सोड!"

"सोडला."

असं छान चाललं होतं. पण चिमी तिच्या मांडीवर होती. रात्रभर किरकिर करून आता कुठे तिचा डोळा लागला होता, आणि प्रत्येक हाकेला ती दचकून रडायला लागायची.

"अहो, जरा हळू ओरडा की."

"हळू ओरडू? ते कसं करतात दाखव बघू."

तेव्हा तीच म्हणाली. दुसरं कुणी नाही, तीच. "त्या भंगारवाल्यासारखं पत्र्यावर वाजवा ना. एक वाजवलं की दाबेन, दोन वाजवली की सोडेन. मला बोलायलाही नको."

"डोकं चालतं हं तुझं!" तो खूश झाला. "आणि तीन वाजवली की चावी फिरवायची."

"आणि चार?"

"चार वाजवली की चहा."

पत्रा वाजू लागला. टक. तिने दाबला. टक टक. तिने सोडला. चिमी शांत झोपली. उत्तर द्यायचं त्या दोघांनी सोडून दिलं, आणि त्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नाही.

मध्येच एकदा टक झाली, तिने दाबला, आणि चाकापाशी तो कळवळला. "अगं, आत्ता कशाला? सगळं तेल तोंडावर उडालं!"

"तुम्हीच वाजवलंत."

"कुठे वाजवलं? माझे दोन्ही हात खाली आहेत."

"मला ऐकू आलं…"

"ऊन लागून पत्रा ताणला जातो, तो वाजतो. घरावरचा वाजत नाही का?"

वाजतो की. तिने मान डोलावली. पण घरावरचा पत्रा कसाही, कुठेही वाजतो, आणि ही टक बोटाच्या हाडाची होती. हे तिला तेव्हाच कळलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं की, अहो, राहू द्या त्या खुणा, आपलं ओरडलेलंच बरं. पण मांडीवरचं पोर घामाने भिजून गाढ झोपलं होतं, ताप उतरत होता. तिने पाय पुन्हा ब्रेकवर ठेवला.

दुपार कलली. शेजारच्या भिंतीची सावली गाडीवर आली, पत्रा थंड पडला. नवरा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "आता पंख्याचा बेल्ट तेवढा बसवतो. बसला की तीन वाजवीन. आज पोपट बोलणार बघ!"

तो पत्र्याआड गेला. पान्याचा आवाज आला, मग तोही थांबला. गल्लीत कुणी नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. ओल्या केसांचा तो वास आता गाडीच्या आत येत होता…

टक. टक. टक.

तिने चावीला हात लावला आणि थांबली. विचारू का? तिने ओठ उघडले; तेवढ्यात चिमी कुशीत हलली. मघाशी तो म्हणाला होता ना, दोन्ही हात खाली आहेत म्हणून. आता त्याचे हात कुठे आहेत?

टक… टक… टक.

या वेळी सावकाश. वैतागल्यासारखी. दार उघडायला उशीर झाला की नवरा कडी वाजवायचा, अगदी तशी.

तिने चावी फिरवली.

इतके दिवस निपचित पडलेलं इंजिन एका झटक्यात चालू झालं. आणि त्यानंतर पत्र्यापलीकडून जो आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायलाच तिला क्षणभर वेळ लागला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. वॉर्डात तो पांढरा पडून होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपेत कण्हत होता, फिनेलचा वास डोळ्यांत चढत होता. ती पायापाशी उभी राहिली. जवळ जायची हिंमत होईना.

"मी वाजवलं नव्हतं गं," तो हळूच म्हणाला.

"मला ऐकू आलं हो. दोनदा ऐकू आलं…"

"आलं असेल."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या 'असेल'ने ती आतून तुटली. सासूबाई तर तिच्या हातचं पाणीही घेईनात. "नवऱ्याचा हात ओळखू येऊ नये बाईला?" एवढंच म्हणाल्या, पण दिवसभर म्हणाल्या.

भंगारवाला स्वतः येऊन ते बॉनेट उतरवून घेऊन गेला. टेंपोत टाकताना त्याने ते उघड्या हाताने धरलं नाही, गोणपाटात गुंडाळलं. ती मागोमाग फाटकापर्यंत गेली.

"आता तरी सांगा, भाऊ. माणसांचं सांगा."

त्याने गोणपाटाची दोरी आवळली. मग खाली बघत म्हणाला, "बाई चालवत होत्या. नवरा शेजारी झोपलेला. भर रस्त्यात थांबवली गाडी, मागून ट्रक आला. का थांबवली विचारलं तर म्हणायच्या… पुढून कुणीतरी वाजवलं म्हणून."

"मग हे तुम्ही तेव्हा…"

"तेव्हा तुम्ही एकदाच विचारलंत, वहिनी."

ते खरंच होतं. ती एकदाच विचारून हसली होती.

पुढे नवऱ्याच्या हाताची जखम भरून आली. डाव्या हाताने जेवायला, दाढी करायला तो शिकला. गाडी दुसरा कुणी चालवायला घेऊन गेला. घरात ओरडाआरडा नव्हता, पण काही बोललं की दोघंही ते परत एकदा बोलून घ्यायची. दाराची कडी वाजली की ती आतून विचारायची, "तुम्हीच ना?" आणि "मीच" ऐकल्याशिवाय उघडायची नाही. सुरुवातीला तो चिडायचा. नंतर सवय झाली. कधी कधी तर न विचारताच म्हणायचा, "मीच गं, मीच." त्यातच तिला थोडी माफी मिळाल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. नवरा दूध आणायला गेला होता. आतल्या खोलीत पाळण्यात चिमी हट्टाने रडत होती, आणि ती दिव्याची वात सारखी करत होती. वीज गेली होती. कडी वाजली.

"तुम्हीच ना?"

"मीच."

त्याचाच आवाज. दमलेला, शेवटी जरासा उतरणारा. तिने दिवा खाली ठेवून कडी काढली, दार सताड उघडलं आणि वाटेतून बाजूला झाली.

बाहेर कुणी नव्हतं.

पायरी रिकामी. फाटक बंद. गल्ली वळणापर्यंत मोकळी. ती उंबऱ्यातच उभी राहिली, हात कडीवर तसाच. मग वळणावरून तो येताना दिसला, डाव्या हातात दुधाची पिशवी, सावकाश. उघडं दार बघून त्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी तो असा हसला होता.

"वाट बघत होतीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या पाठीमागे, आतल्या खोलीतलं रडणं थांबलं होतं. रडून दमल्यावर हळूहळू थांबतं तसं नाही. कुणी उचलून खांद्याला लावल्यावर थांबतं तसं, एकदम.

त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं.

"आई आली का गं लवकर?" तो म्हणाला.