तिसऱ्या यंत्रावरचं हिरवं पुडकं

एक फोटो. दुपारचं आकाश, चौकटीबाहेर सूर्य, आणि मधोमध एक पांढरी कोर, जी आकाशात नव्हती.

नखाहून लहान काळं कडं. आतल्या कडेला करवतीसारखे एकशे वीस दात. नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही.

नारळाच्या स्वादाच्या खाऊचं हिरवं पुडकं. २ नोव्हेंबरपूर्वी खावे.

भिंतीवरचा धूळमापक. रविवार, दुपारी साडेबारा. सपाट आलेखात एकच सुळका.

एक टाइप केलेलं पत्र. ‘रचनेची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारते.’ ‘रचनेची’च्या आधी पेनानं घुसडलेला शब्द : ‘सदोष’. सहीची जागा रिकामी.

पत्र नी यून-चिएच्या हातात होतं. बुधवार, सकाळचे आठ.

“ताई, मी सही करून टाकते. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. हे पत्र थाओसाहेबांनी दिलंय, उद्या संध्याकाळपर्यंत सही हवी म्हणाले.”

“आणि मग?”

“मग मी घरी. या ताईचुंग शहरात भिंगांचं काम मला पुन्हा कोण देणार?”

श्ये श्यौ-फांग या कारखान्यात बावीस वर्षं दोष शोधत होती. सगळे तिला फांगताई म्हणत, आणि ती दिसली की हातातलं काम लपवत.

नीचं कडं मोबाइलच्या कॅमेऱ्यात, भिंगांच्या मागे बसायचं. बाजूनं घुसलेला उन्हाचा झोत गुळगुळीत कड्यावर आपटतो आणि फोटोत कोर उमटते. म्हणून नीनं कडेला दात पाडले. त्या दातांत प्रकाश अडकून मरायला हवा होता. गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या चारशे कॅमेऱ्यांत तो मेला नव्हता.

“कोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस?”

“फोटोत पाहिली.”

“चल.”

अंधाऱ्या खोलीत फांगताईनं परत आलेला एक कॅमेरा ठाण्यावर बसवला आणि दिवा त्याच्याभोवती फिरवला. घड्याळातल्या बाराच्या जागी काही नाही. तीनच्या जागी काही नाही. पाचच्या जागी पडद्यावर कोर. सातला पुन्हा अंधार.

तिनं कॅमेरा पाव फेरा वळवला. आता कोर आठच्या जागी आली.

“दात सगळीकडे सारखे आहेत ना?”

“अगदी सारखे.”

“मग रचना चुकली असती तर कोर सगळीकडून दिसली असती. ही एकाच जागेची आहे, आणि कॅमेऱ्याबरोबर फिरते. दिव्याचा दोष नाही. तुझाही नाही. पोरी, ते पत्र खिशात ठेव. फाडू नकोस.”

कॅमेरा उघडला. सूक्ष्मदर्शकाखाली एकशे चौदा दात कोरडे, काळे होते. उरलेल्या सहांच्या फटी चकचकीत गोंदानं बुजल्या होत्या.

कडं पक्कं करायला बाहेरून गोंदाचे चार थेंब पडतात. यातला एक केसभर आत सरकला होता. सगळेच्या सगळे चारशे नग तिसऱ्या यंत्रावरचे.

यंत्रं कांग उस्तादांकडे होती. वय त्रेसष्ट, गळ्यात चावी, तोंडात तक्रार.

“उस्ताद, तिसऱ्याचं झाकण कधी उघडलंत?”

“सहा मार्चला. वहीत बघ, माझीच सही आहे.”

“त्यानंतर?”

“कुणाची हिंमत आहे?”

“चाव्या किती?”

“दोन. एक ही. दुसरी थाओसाहेबांच्या खणात.”

“नीच्या कड्यावर राग आहे म्हणे तुमचा?”

“आहेच! ते दात पाडताना माझे साचे झिजतात. तोंडावर सांगितलंय तिला. मागून गोंद ओतत नाही मी.”

 गोंदाबद्दल फांगताईनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

“गोंद म्हणाले मी?”

“तिसरं यंत्र दुसरं करतं काय? बासरी वाजवतं?”

उत्तर बरोबर होतं. तरी संशय गेला नाही.

यंत्र नीट चालावं म्हणून प्रत्येक यंत्रावर नारळाच्या खाऊचं हिरवं पुडकं होतं; त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, आणि तारीख उलटली तरी रुसतं, हे इथे पदवीधरही मानतात. उस्ताद पुडकं पुसून झाकणाच्या फटीवर असं चिकटवत, की ते काढल्याशिवाय झाकण उघडत नसे.

“यंत्रही शहाण्यासारखं वागतं आणि भोचक माणसंही,” ते म्हणाले.

फांगताई तारखा वाचत चालली. १८ सप्टेंबर. १८ सप्टेंबर. तिसरं यंत्र : २ नोव्हेंबर. पुढे पुन्हा १८ सप्टेंबर.

“कपाट उघडा.”

खोक्यात नऊ पुडकी उरली होती. सगळ्यांवर १८ सप्टेंबर.

उस्तादांचा चेहरा पडला. “हे माझं नाही, फांग.”

तिनं पुडकं अलगद सोडवलं, उलटं केलं, दोनदा पाहिलं आणि पिशवीत टाकलं. उस्तादांनी झाकण उघडलं. गोंदाच्या सुईच्या स्क्रूवर त्यांनी ओढलेली पांढरी रेघ अर्धा फेरा सरकली होती.

धूळमापकाच्या नोंदी तिनं मागे मागे चाळल्या. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. कारखाना बंद, तरी यंत्रांच्या खोलीत धुळीचा सुळका. दुसऱ्या दिवसापासून कोर.

रचना विभागाचे प्रमुख थाओसाहेब आपल्या खोलीत डबा खात होते. डुकराच्या मांसाचा कटलेट, भात, लोणच्यातला मुळा.

“पुडक्यावरून चौकशी? उद्या देवळात कौल लावाल, फांगताई.”

“लागला तर लावेन. त्या रविवारी कुठे होतात?”

“घरी. झोपलो होतो.”

“तुमची चावी?”

“खणात. खणाला कुलूप नाही. कुणीही घ्यावी.”

“नीचं कडं कसं वाटतं?”

“हुशार मुलगी आहे.” त्यांनी मुळा बाजूला सारला. “घाई करते.”

बाहेर बोळात पितळी पाटी होती. थाओसाहेबांचं गुळगुळीत, काळा लेप दिलेलं कडं. अकरा वर्षं कारखान्याच्या प्रत्येक कॅमेऱ्यात. जुलैपासून एकाही कॅमेऱ्यात ते बसणार नव्हतं; त्याच्या जागी नीचं.

गुरुवारी संध्याकाळी बैठकीला मालकीणबाई, थाओसाहेब, उस्ताद आणि नी.

“सही झाली?” थाओसाहेबांनी विचारलं.

“आधी माझं ऐका,” फांगताई म्हणाली. “कड्याचे सहा दात गोंदानं बुजलेत, म्हणून कोर येते. सुईचा स्क्रू हातानं फिरवलाय. त्याची नोंद संगणकात होत नाही, हे फिरवणाऱ्याला ठाऊक होतं. रविवारी झाकण उघडताना पुडकं फाटलं, चुरा उडाला, धूळमापकानं पाहिला. त्यानं खोली झाडली आणि नवं पुडकं चिकटवलं.”

“मग उस्तादांना विचारा. पुडक्यांचे पुजारी तेच.”

“उस्तादांच्या कुलूपबंद कपाटात खोकं आहे. सगळं एका तारखेचं. त्यांनी त्यातलंच लावलं असतं. दुकानात कोण जाईल? ज्याच्याकडे यंत्राची चावी आहे, पण कपाटाची नाही.”

“माझ्या खणाला कुलूप नाही, सांगितलं ना.”

“सांगितलंत. म्हणून मीही गप्प बसले असते.” तिनं पिशवीतलं पुडकं काढून उलटं ठेवलं. “पण चिकटवायच्या बाजूला पेनानं लिहिलंय : ‘माफ कर. थोडेच दिवस. तुझा काही दोष नाही.’ नी, पत्र दे.”

पत्रात थाओसाहेबांनी पेनानं घातलेलं ‘सदोष’ आणि पुडक्यावरचं ‘दोष’ शेजारी शेजारी आले. अक्षराची शेपटी दोन्हीकडे तशीच तिरकी ओढलेली.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. मग काढला.

“मी या असल्या गोष्टी मानत नाही,” थाओसाहेब हळूच म्हणाले.

“नाहीच मानत. तरी भर दुपारी जाऊन हिरवंच आणलंत.”

“अकरा वर्षं, फांगताई. एका बैठकीत पुसून टाकलं मला.”

 “यंत्राची माफी मागितलीत,” नी म्हणाली. “मला मात्र पत्र दिलंत.”

तिनं ते पत्र टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं.

“सहीची जागा रिकामीच आहे, साहेब.”

मार्चच्या चार तारखेला नीचं कडं पहिल्या चाचणीत पास झालं, तेव्हा पहिली टाळी थाओसाहेबांनी वाजवली होती.