दोरीचे दोन झटके

यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही. ज्योती माझी मावसबहीण. हे जिच्यावर बेतलं ती तीच. खोटं सांगून तिला काही मिळायचं नाही. उलट हे सगळं विसरता आलं, तर तिला हवंच आहे.

साल २०२१. एप्रिल महिना. ठिकाण भिंगार, नगरला लागूनच.

बाजाराच्या मागच्या बोळात एक जुनं दोन मजली घर आहे. वरच्या मजल्यावर ज्योती, तिचा नवरा अजिनाथ आणि सात वर्षांची संस्कृती. अजिनाथ लष्कराच्या डेपोत स्टोअरला कामाला. खालच्या दोन खोल्यांत इब्राहिमचाचा आणि रोशनबीचाची. दोघंच. मूलबाळ नाही. चाची शिवणकाम करायच्या. दिवसभर खालून मशीनचा आवाज यायचा. खड्-खड्-खड्... संस्कृती त्या आवाजावरच लहानाची मोठी झाली.

एका बाजूला बंद गोडाऊन, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. घरमालक पुण्याला. म्हणजे या घरात माणसं काय ती हीच पाच.

बाहेर नुसता कहर चालला होता. रोज मोबाईलवर कुणी ना कुणी गेल्याचा मेसेज. रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स गेली की ज्योती हातातलं काम थांबवायची. लांब जाऊ दे तिला, मगच पोळी लाटायची.

पण खरं सांगायचं तर, घरात त्यांचं बरं चाललं होतं. अजिनाथ पहिल्यांदाच इतके दिवस घरी होता. लेकीच्या वेण्या घालायला शिकला होता. वाकड्या यायच्या, पण संस्कृती त्याच मिरवायची. तिच्या वाढदिवसाला त्यांनी कुकरमध्ये बिस्किटांचा केक केला. तो मधोमध बसला, तर अजिनाथनं त्या खड्ड्यात साय आणि साखर भरली. खाली चाचीकडं अर्धा केक गेला.

चाची जिन्यातूनच ओरडल्या, "पोरीला सांग गं, पिवळं कापड आणून ठेवलंय. फ्रॉक शिवते तिला. ईदच्या आधी देते."

संस्कृती आठवडाभर पिवळ्या फ्रॉकचंच बोलत होती.

अठरा एप्रिलला चाचांना दम लागला. त्यांना नगरच्या एका दवाखान्यात नेलं. चाचीची तपासणी पॉझिटिव्ह आली, पण ताप थोडा होता, म्हणून त्यांना घरीच राहायला सांगितलं. दोन दिवसांत वरती अजिनाथ आणि ज्योतीही पॉझिटिव्ह. बोळाच्या तोंडाला बांबू लागले. कुणी आत येईना, कुणी बाहेर जाईना. अजिनाथचा मित्र भाजी-दूध बांबूपाशी ठेवून जायचा.

ज्योतीच्या तोंडाची चव गेली. वासही गेला. अजिनाथचंही तेच. फोडणीत लसूण जळाला, तरी दोघांना कळलं नाही.

खाली चाची एकट्या. त्यांना जेवण कसं द्यायचं?

मग अजिनाथनंच युक्ती काढली. मागच्या गॅलरीतून दोरी सोडायची. दोरीला कापडी पिशवी, पिशवीत डबा. गॅलरीच्या बरोबर खाली चाचीच्या मोरीची खिडकी होती. मधे छज्जा असल्यामुळं वरून खिडकी दिसायची नाही. पिशवी छज्ज्याच्या पुढून खाली जायची, चाची गजांतून हात काढून डबा घ्यायच्या. अर्ध्या तासानं धुतलेला डबा वर यायचा.

रोजची वेळ ठरलेली. संध्याकाळी, अजान झाली की.

"चाची, बरं हाय ना?" ज्योती वरून विचारायची.

"हाय गं." आणि मग खोकला. लांबच लांब खोकला.

एकवीस तारखेला चाची म्हणाल्या, "ज्योती, बोलाया गेलं की ढास लागती. आता मी दोरीच ओढत जाईन. दोन झटके म्हंजे बरं हाय. एक झटका म्हंजे कायतरी लागतंय. समजलं?"

"समजलं चाची."

चाचीचं तिच्याशी हे शेवटचं बोलणं. ज्योतीला तेव्हा ते कुठलं माहीत...

दुसऱ्या दिवशी गुरुवार. संध्याकाळी ज्योती गॅलरीत डबा घेऊन उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, काहीतरी कमी आहे.

तिनं कान दिला.

खोकला येत नव्हता.

खाली अगदी शांत.

तिनं पिशवी सोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दोरी ताणली...

एक झटका.

ज्योतीनं श्वास रोखला.

दुसरा झटका.

"अहो!" ती आत धावली. "चाचीचा खोकला थांबला! बऱ्या झाल्या त्या!"

अजिनाथ अंथरुणातून उठून बसला. त्या दिवशी दोघं किती दिवसांनी हसले. ज्योतीनं देवापुढं साखर ठेवली.

शुक्रवारी दोन झटके. शनिवारी दोन झटके. अगदी वेळेवर. खालून हूं की चूं नाही, पण दोरी बोलत होती. डबा स्वच्छ धुऊन यायचा. फक्त एवढंच की, हाताला तो फार गार लागायचा. एप्रिलच्या उन्हात नळाचं पाणीसुद्धा चटका देत होतं, आणि डबा मात्र माठात बुडवून काढल्यासारखा...

ज्योतीनं त्याचा फार विचार केला नाही. आपल्यालाच कणकण असेल, म्हणाली.

शनिवारी दुपारी मशीन सुरू झालं.

खड्-खड्-खड्...

"चाची शिवतात! माझा फ्रॉक!" संस्कृती नाचायला लागली. सगळी दुपार मशीन चालू होतं. मधे थांबायचं, परत चालू व्हायचं. ज्योती भिंतीला टेकून ऐकत बसली. इतके दिवस मनावर जे दडपण होतं, ते त्या आवाजानं उतरलं.

त्याच संध्याकाळी संस्कृतीनं नाक मुरडलं. "मम्मी, कसला तरी घाण वास येतोय."

ज्योतीला काही येत नव्हता. अजिनाथलाही नाही.

"मोरी तुंबली असंल," म्हणून ज्योतीनं फिनाईल ओतलं.

रविवारी डबा वर आला, तो पिशवी फुगवून. डब्याखाली घडी घातलेला पिवळा फ्रॉक. बाह्यांना झालर, गळ्याला बारीक लेस. संस्कृतीनं जागेवरच घातला. मापाला तंतोतंत. चाचींनी माप कधी घेतलं, हे ज्योतीला आठवेना. पण लेकीचा चेहरा बघून तिनं तो विचार सोडून दिला. अजिनाथनं फोटो काढले. पोरगी घरभर गिरक्या घेत होती.

सोमवारी पोरीनं डबा सोडताना हट्ट केला, मला बघायचंय. ती गॅलरीच्या कोपऱ्यात पोटावर झोपली आणि गजांतून डोकं काढून खाली, छज्ज्याच्या कडेनं बघायला लागली.

दोन झटके बसले.

"दिसल्या का चाची?" ज्योतीनं विचारलं.

"तोंड न्हाई दिसलं. हात दिसला." संस्कृती उठून बसली. आईच्या हाताकडं बघत राहिली.

"काय गं?"

"मम्मी, चाचीला पण तुझ्यासारखा डाग हाय. हितं."

तिनं ज्योतीच्या मनगटाच्या वरच्या डागावर बोट ठेवलं. दिवाळीत तेल उडून भाजलं होतं, त्याचा तो डाग. लांबट, पानासारखा.

"कायतरीच काय," ज्योती म्हणाली. पण तिनं बाही खाली ओढली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मंगळवार. सत्तावीस एप्रिल. सकाळचे अकरा वाजले असतील. अजिनाथला फोन आला. पुण्याहून आवेज बोलत होता, चाचांचा पुतण्या. स्वतःच आजारी, आवाज बसलेला.

"दादा, चाची फोन उचलंना झाल्यात. पाच दिवस झाले. चाचांना श्वासाचं मशीन लावलंय, ते बोलू शकत न्हाईत. जरा बघता का?"

"अरे, त्या ठणठणीत हायेत," अजिनाथ म्हणाला. "फोन बंद पडला असंल. शिवणकाम चालू हाय त्यांचं. थांब, आवाज ऐकवतो."

कारण त्या क्षणीही मशीन चालू होतं. त्यानं फोन खाली, फरशीजवळ धरला.

खड्-खड्-खड्...

"ऐकलंस?"

पलीकडून आवेज म्हणाला, "दादा, मला काहीच ऐकू येत न्हाई."

अजिनाथनं ज्योतीकडं बघितलं. दोघांनाही मशीन स्वच्छ ऐकू येत होतं.

दोघं तोंडाला मास्क बांधून खाली उतरले. संस्कृतीला वरच ठेवलं. चाचीच्या दारापर्यंत मशीनचा आवाज येत होता. अजिनाथनं दार वाजवलं.

आवाज थांबला.

"चाची? ज्योती हाय मी. दार उघडा."

काही नाही.

"चाची, नुसतं दार वाजवा आतून. बरं हाय एवढंच सांगा."

आतून दारावर... अगदी खालच्या बाजूला... दोन ठोके पडले.

अजिनाथनं ज्योतीचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं. ज्योतीला कळेना, चाचींनी उत्तर दिलं, मग हे का घाबरले? पण त्याची नजर दाराखालच्या फटीवर होती. फटीतून माश्या बाहेर येत होत्या.

पोलीस आले. पांढऱ्या पोशाखातली वॉर्डची माणसं आली. दाराची कडी आतून होती, ती तोडावी लागली. पहिला माणूस आत गेला आणि तसाच नाक दाबून बाहेर आला. भिंतीला धरून वाकला.

ज्योतीला तेव्हाही कसलाच वास येत नव्हता.

रोशनबीचाची आतल्या खोलीत गादीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, पाच दिवस तरी झालेत.

मंगळवारातून पाच दिवस वजा केले की गुरुवार येतो.

आत काय होतं, ते अजिनाथनं बघितलं. मोरीची खिडकी बंद होती, कडी आतून लावलेली. मशीनवर झाकण होतं. स्वयंपाकघरात खरकटं भांडं नव्हतं, की पाठवलेल्या अन्नाचं एक शीत नव्हतं. आणि मशीनच्या बाजूला, दुकानाच्या पिशवीत, पिवळं कापड. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कात्री लागलेलीच नव्हती त्याला.

तो वर आला तेव्हा संस्कृती पिवळा फ्रॉक घालूनच दारात उभी होती.

त्यानं तो पोरीच्या अंगावरून काढला, गच्चीवर नेला आणि रॉकेल ओतून जाळला. पोरगी दिवसभर रडली. ज्योतीनं तिला जवळ घेतलं नाही. तिला शक्यच झालं नाही. ती डब्याकडं बघत भिंतीशी बसली होती. पाच दिवस आपण या डब्यात जेवण भरून कुणाला पाठवलं, आणि तोच डबा धुतलेला म्हणून त्यात पुन्हा अजिनाथला, पोरीला खायला घातलं... ते तिच्या डोक्यातून जाईना.

तिला दुसरंही एक खात होतं. एक झटका बसला असता तर? त्या गुरुवारी एकच झटका बसला असता, तर तिनं दार तोडलं असतं. लागण-बिगण काही बघितलं नसतं. असं ती म्हणते. मलाही तिच्यावर विश्वास ठेवायचा आहे.

इब्राहिमचाचा वाचले.

ईद होऊन गेल्यावर, मेच्या शेवटाला आवेज त्यांना घरी घेऊन आला. अर्धे झाले होते. काठी टेकत जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबले आणि त्यांनी ज्योतीला खाली बोलावलं. ज्योती उतरली ती रडतच. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "चाचा, मला माफ करा. आमी वरती हुतो आणि..."

चाचांनी तिला उठवलं.

"माफी कशाची बेटी? मीच तुझे उपकार कसे फेडू?"

ज्योतीला समजेना.

"गुरुवारी दुपारी बोललो मी तिच्याशी," चाचा म्हणाले. "शेवटचंच. नर्सबाईनं फोन धरला हुता कानाला. लई हळू बोलत हुती. म्हनाली, ज्योती आलीय खाली. मी नको म्हनले, तुला लागण हुईल म्हनले, तरी आली. माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. पानी पाजती चमच्यानं. आता खोकला न्हाई, तुमी काळजी करू नका." त्यांनी डोळे पुसले. "दुनियेत कुनी कुनाजवळ जात नव्हतं त्या टायमाला. पोटची पोरं जात नव्हती. तू गेलीस."

आवेज हात जोडून उभा होता.

ज्योती त्या आजारपणात एकदाही जिना उतरली नव्हती. मंगळवारी दार वाजवायला गेली, तेवढंच.

पण तिनं ते सांगितलं नाही. "चहा ठेवते चाचा," म्हणाली आणि वर गेली.

चाचा आता आवेजकडं असतात, पुण्याला. दर ईदला येतात. शीरखुर्म्याचा डबा देतात आणि सोबत जो असेल त्याला हेच सांगतात, की ही पोर शेवटपर्यंत माझ्या रोशनजवळ होती. ज्योती मान खाली घालून ऐकते.

मागच्या महिन्यात ज्योती आमच्याकडं आली होती. दुपारी आम्ही शेंगा निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "त्या गुरुवारी दुपारी तू करत काय होतीस गं?"

ती शेंगा निवडत राहिली.

"झोपले हुते," म्हणाली. "ताप हुता. दोन-तीन तास मेल्यासारखी झोपले. आजान झाली तेव्हा जाग आली."

"मग?"

"उठायला गेले तर उठताच येईना. उजवी मांडी बधिर झालेली. मुंग्याच मुंग्या." तिनं शेंगांवरून हात काढून घेतला. "कुनीतरी लई वेळ डोकं ठेवून निजावं ना... तशी."

मग ती उठून आत गेली.