ठोकळ्याला कुणी विचारलंच नाही

देसाई अण्णांची जीप चाळीसच्या वेगापर्यंत शहाण्यासारखी चालायची. काटा साठवर गेला, की मात्र तिच्या अंगात यायचं. सीट थरथरायची, आरसा थरथरायचा आणि अण्णांच्या मिश्यासुद्धा थरथरायच्या. जागेवर उभी करून इंजिन कितीही रेटलं, तरी काही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये साठ गाठा की चौथ्यात, थरथर तीच. आता हे काय गौडबंगाल?

अण्णांना कोडं सोडवायचंच नव्हतं. त्यांना गुन्हेगार हवा होता, आणि तो त्यांनी घरून निघतानाच ठरवून टाकला होता.

"दिगंबर, ह्या डबड्यानं माझ्या गिअरबॉक्सची वाट लावलीय," गॅरेजच्या दारातूनच ते म्हणाले.

डबडं म्हणजे ठोकळ्या. दिगंबर सुतारांच्या गॅरेजमधला यंत्रमानव. गडहिंग्लजच्या रस्त्यावर आता बहुतेक गाड्या बॅटरीवर, आवाज न करता धावत. उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर चालणाऱ्या जुन्या जीपा सांभाळणारं हे त्या भागातलं शेवटचं गॅरेज होतं, आणि त्या जीपा सांभाळायचा तो ठोकळ्याच. दिसायला पेटीसारखा, पण हात असे हलके की आतला स्क्रू कुठे दुखतोय हे त्याला कळतं, असं दिगंबररावांची मुलगी केतकी म्हणायची.

केतकीच्या बाबांनी ठोकळ्याकडे पाहिलं. "गणपतीत अण्णांचा गिअरबॉक्स तूच उघडला होतास ना?"

"हो," ठोकळ्या म्हणाला.

"बघा," अण्णा म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय."

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही काय चौकशी झाली? एक प्रश्न, एक उत्तर आणि लगेच निकाल. ठोकळ्या पुढे काही बोलला नाही, कारण गिऱ्हाईक समोर असताना विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम बाबांनीच त्याला घालून दिला होता. म्हणजे तोंडाला कुलूप घालायचं आणि वर म्हणायचं, बघा, गप्प बसलाय.

"नाहीतरी हा जुना झालाय," बाबा हळूच म्हणाले. "'जुना द्या, नवा घ्या'वाल्यांची गाडी दुपारी गावात येणार आहे. देऊन टाकतो."

"देऊन टाकतो म्हणजे?" केतकी मध्ये पडली. "तो काय रद्दी आहे? बाबा, त्याला नीट विचारा की."

"तू गप. मोठी माणसं बोलायलेत न्हवं?" अण्णांनी तिला दटावलं, आणि बाबांना घेऊन ते समोर चहाला गेले.

केतकी तणतणत ठोकळ्यासमोर जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईक गेलं होतं. नियम संपला होता.

"ठोकळ्या, थरथर गिअरबॉक्समुळे आहे?"

"नाही. आतले दाते बिघडले असते, तर गिअर बदलल्यावर थरथरही बदलली असती. ती फक्त गाडीच्या वेगाबरोबर येते. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जे फिरतं, त्यात बघायला हवं. चाकं मी मागच्याच आठवड्यात तपासली आहेत. उरला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब पोकळ दांडा)."

"तो वाकलाय?"

"दांडा सरळ आहे. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस आहेत (दांडा वाकड्या दिशेनेही फिरता राहावा म्हणून बसवलेले अधिकच्या चिन्हासारखे सांधे). ये, दाखवतो."

भंगारात एक जुना शाफ्ट पडला होता. ठोकळ्याने त्याचं एक टोक धरलं, केतकीला मधला दांडा धरायला लावला आणि पहिला सांधा चांगलाच वाकवला. मग तो आपलं टोक एकसारख्या गतीने फिरवू लागला. त्याचा हात घड्याळासारखा चालतो, त्यात शंकाच नाही. तरीही केतकीच्या हातातला दांडा मध्येच पुढे पळत होता, मध्येच रेंगाळत होता. एका फेऱ्यात दोनदा पळायचा, दोनदा रेंगाळायचा.

"हा असा का लबाडी करतोय?"

"वाकलेल्या क्रॉसचा तो स्वभावच आहे. जितका जास्त वाकलेला, तितकी धावपळ जास्त. आता मागचा सांधाही वाकव. दुसरं टोक माझ्या टोकाला समांतर राहील, असं धर."

केतकीने मागचं टोक धरून तसं केलं. आता तिच्या हातातलं टोक शांतपणे, एकसारखं फिरू लागलं. मधला दांडा अजून धावत-रेंगाळत होता, पण पुढच्या सांध्याने घेतलेली गती मागचा सांधा परत देत होता. तिने हात थोडा वर उचलला मात्र, टोक लगेच हिसके देऊ लागलं.

"म्हणजे दोन्ही टोकं समांतर असली, दोन्हीकडचे कोन सारखे असले, की एकाची खोड दुसरा मोडतो," ती सावकाश म्हणाली. "आणि कोन बिघडले की खोड शिल्लक राहते. हळू जाताना कळत नाही, वेगात गाडीला कापरं भरतं."

"बरोबर."

"पण कोन बिघडवला कुणी?"

"तेव्हा मी बंद होतो," ठोकळ्या म्हणाला. "खंडेनवमीला मी पूजेत होतो."

केतकीला सगळा प्रकार आठवला आणि तिचा राग दुप्पट झाला. त्या सकाळी आईने पाने, हातोडे मांडून पूजा केली होती. ठोकळ्याही हत्यारच, म्हणून त्याला कुंकू लावून, झेंडूची माळ घालून, बंद करून पाटावर बसवलं होतं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. आणि नेमके तेव्हाच अण्णा नवं चकचकीत हेडर (प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने नेऊन पुढे एकत्र करणारा नळ्यांचा जुडगा) घेऊन हजर झाले. दसऱ्याच्या मिरवणुकीत जीपचा आवाज घुमला पाहिजे म्हणे. भिडेपोटी बाबांनी शेजारच्या इसाकभाईंचे पाने आणि जॅक आणून काम उरकलं. आपली हत्यारं विश्रांती घेत होती, नियम पाळला गेला होता. कामानंतर दोन्ही टोकांचे कोन मोजायचे ते ठोकळ्याच्या मनगटातल्या कोनमापकाने. ते मात्र माळेखाली झोपलं होतं.

केतकी पाठीवर झोपून जीपखाली सरकली. नव्या नळ्या जुन्यापेक्षा जाड होत्या. त्या बसवायला इंजिन फाउंडेशनवरून (ज्यावर इंजिन टेकतं त्या रबरी बैठकीवरून) उचललेलं दिसत होतं. तरी एक नळी खालच्या आडव्या पट्टीला घासत असणार, कारण गिअरबॉक्सच्या बैठकीखाली दोन बोटं जाडीची लोखंडी चकती सारलेली होती. नळीला जागा झाली होती आणि गिअरबॉक्सचं शेपूट वर गेलं होतं.

ठोकळ्याने मनगट टेकवून मोजलं. मागचं टोक तीन अंशांनी कललेलं होतं, पुढचं जेमतेम एक अंशाने.

चहा पिऊन दोघं परतले, तेव्हा केतकी हात कमरेवर ठेवून दारातच उभी होती.

"बाबा, गिअरबॉक्सखाली ती चकती तुम्ही घातलीत ना?"

"व्हय. नळी घासत होती."

"मग कोन कोण मोजणार होतं? तुम्ही त्याला माळ घालून बंद केलंत, त्याच्याशिवाय काम केलंत आणि आता त्यालाच भंगारात घालताय. ज्या कामाला त्याने हातसुद्धा लावला नाही, त्याची शिक्षा त्याला? अण्णा, तुमची हौस, बाबांची भीड आणि मार खाणार ठोकळ्या. हा कुठला न्याय?"

अण्णांनी तोंड उघडलं, पण बाबा तोवर जीपखाली शिरले होते. बाहेर आले तेव्हा चकती त्यांच्या हातात होती.

पुढचं काम चौघांनी मिळून केलं. घासणारी नळी कापून, वळण देऊन पुन्हा जोडली. इंजिन आपल्या बैठकीवर नीट टेकलं. दोन्हीकडे तीन अंश आले, हे ठोकळ्याने दोनदा तपासलं. अण्णा चक्कर मारून आले. काटा सत्तरवर नेला होता म्हणे, तरी जीप पाण्यासारखी शांत.

"चुकलं गा," ते ठोकळ्याकडे न बघता म्हणाले.

"त्याच्याकडे बघून म्हणा," केतकी म्हणाली.

अण्णा वळले आणि त्याच्याकडे बघून म्हणाले.

दुपारी 'जुना द्या, नवा घ्या'वाल्यांची गाडी दाराशी थांबली. बाबांनी तिला हातानेच पुढे जायला सांगितलं. मग ते ठोकळ्याजवळ आले. पुसलेलेच हात ते पुन्हा पुसू लागले, आणि केतकीला ते बघून थोडं बरंही वाटलं.

"ठोकळ्या," अखेर ते म्हणाले, "मी तुला न विचारलेलं असं आणखी काय काय आहे?"

"बरंच आहे," ठोकळ्या म्हणाला. "काही गाड्यांचं आहे, आणि थोडं तुमच्या नियमांचंही आहे."

बाबांनी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले.