ओलं लाकूड

सासूबाईंना आम्ही आजवर तीनदा बाहेरच्या खोलीत नेलं आणि तिन्ही वेळा परत आत आणलं.

माणसाने अंथरुणात नाही, पूर्वजांसमोर प्राण सोडावा, म्हणून बाहेरच्या खोलीत फळ्या मांडायच्या, देव झाकायला देव्हाऱ्यावर लाल कागद चिकटवायचा, जवळच्यांना फोन करायचे. या सगळ्याला अंगात बळ लागतं. तिसऱ्या खेपेला माझी नणंद पाओ-चू काओशुंगहून आली. रीतीप्रमाणे फाटकापासून रडत, गुडघ्यांवर रांगत आत आली आणि आईंच्या पायाशी पोचते तोच आईंनी डोळे उघडून विचारलं, "पेज झाली का?" पाओ-चूचे मोजे फाटले होते. मी लाल कागद काढला आणि रताळी सोलायला घेतली.

आई एक्क्याण्णव वर्षांच्या. नऊ वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून डावी बाजू गेलेली. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, सगळं माझ्याकडे. तोंड मात्र शाबूत होतं आणि भरवताना त्यांची एकच तक्रार असे. "धूर होतोय. ओलं लाकूड घातलंस." आमच्याकडे गॅस येऊन तीस वर्षं झाली. सुरुवातीला मी तसं सांगायची, मग सोडून दिलं. "हो आई, उद्या कोरडं घालते," म्हणायचं आणि पुढचा चमचा भरायचा.

मी कालवं फोडते. आमच्या तोंगशी गावातल्या निम्म्या बायका तेच करतात. गल्लीच्या तोंडाशी शिंपल्यांचा ढीग, बुटकं स्टूल, हातात छोटी सुरी. खाडीतल्या बांबूंवरून काढून आणलेल्या कालवांच्या टोपल्या दुपारपर्यंत संपवायच्या. भुताखेतांवर विश्वास ठेवायला यात सवड मिळत नाही. मंदिरात सगळे लावतात म्हणून मीही उदबत्ती लावते, तेवढंच.

एका गोष्टीवर मात्र माझा विश्वास होता. आईंना झटका आला तेव्हा मी इस्पितळात त्यांच्या उशाशी होते आणि आमचे हे, जिन-तू, मंदिरात. ह्यांनी देवापुढे गुडघे टेकून ओठातल्या ओठात मागणं मागितलं आणि कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. एक पालथा, एक उताणा, लागोपाठ तीनदा. देवाचा होकार. आपल्या आयुष्यातली वर्षं काढून आईला दिली, असं गावाने मला सांगितलं. त्याच आठवड्यात आई बोलू लागल्या. गावच्या कार्यालयाने ह्यांना आदर्श पुत्र म्हणून पितळी पाटी दिली. ती टीव्हीच्या वर लावलेली आहे आणि पुसते मी.

तेव्हापासून घरातलं चांगलंचुंगलं ह्यांच्या ताटात. आलं घातलेलं कोंबडीचं सूप ह्यांना, मोठी कालवं ह्यांना. ज्याची वर्षं कमी झाली त्याने उरलेली तरी सुखाने जगावी. हे मात्र त्रेसष्टाव्या वर्षी रोज दुपारी मित्रांबरोबर समुद्राच्या बांधापर्यंत सायकल मारून येत. केस काळेभोर. शेजारची आ-ग्वेई म्हणायची, "अगं, हा नवरा की मुलगा? सगळ्या तैवानात असा म्हातारा मिळायचा नाही." मी हसायची आणि मनात धास्तावायची. विझायच्या आधी दिवा मोठा होतो, असं म्हणतातच.

माझं म्हणाल तर मी सत्तावन्नची. पण बसमध्ये चाळिशीतल्या बायका उठून मला जागा देऊ लागल्या होत्या. दात हलत होते, जिना चढताना मध्ये बसावं लागे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "काही नाही, आजी," ते म्हणाले, मग कागदावरचं वय बघून जरा थांबले आणि मला ताई म्हणाले.

पाओ-चूनेच विषय काढला. तिचे गुडघे सोलवटले होते, मी औषध लावत होते.

"वहिनी, तैनानला एक जण आहेत. जिवंत माणसाला खाली पाठवतात. जाऊन यायचं."

"बस जाते वाटतं?"

"थट्टा नको गं. खाली प्रत्येकाचं घर असतं. चूल असते, लाकडं असतात. जेवढं लाकूड तेवढं आयुष्य. दादाचं किती उरलंय ते बघून ये. संपत आलं असेल तर देवाची माफी मागू, नवस सोडवू. आई काय, आज ना उद्या... पण दादा गेला तर तुझं कसं?"

"मग तूच जा की."

"गेले होते. माझे पायच हलले नाहीत. दोन तास डोळे बांधून बसले आणि कंबर धरली."

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी वाटी खाली ठेवली. "थोतांड आहे सगळं. घरी आई आहे, तू कशाला जातेस?"

"तुमचीच काळजी म्हणून जाते."

"मी आहे की ठणठणीत. नको जाऊस, यू-ये."

हे मंदिराच्या कुठल्याही गोष्टीला कधी नाही म्हणत नसत. मला वाटलं, थोडंच उरलंय हे ह्यांना ठाऊक आहे आणि मला कळू द्यायचं नाहीये. त्या दिवशी सुरी दोनदा हातातून निसटली. माणूस आता आपल्या हाताशी फार दिवस नाही, या विचाराने मी कालवांच्या टोपलीपुढे बसून रडले.

रविवारी दुपारी आईंजवळ आ-ग्वेईला बसवून आम्ही तैनानला गेलो. मंदिराच्या मागे पंखा लावलेली खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एका टायरच्या दुकानाचं कॅलेंडर. ल्याओ गुरुजी बनियनवर होते. आधी ते ट्रक चालवायचे.

"ताई, नियम सोपे आहेत," ते म्हणाले. "तिकडे काही खायचं नाही, प्यायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. मी हाक मारली की परत फिरायचं. कोणी कितीही आग्रह केला तरी."

चपला काढून पाय थंड फरशीवर टेकवले. मंत्राचा पिवळा कागद घडी घालून ठेवलेलं लाल फडकं त्यांनी माझ्या डोळ्यांवर बांधलं आणि लाकडी ठोकळा वाजवायला लागले. बराच वेळ काही झालं नाही. मी उद्याच्या टोपल्यांचा विचार करत होते. मग माझ्या लक्षात आलं की माझेच पाय फरशीवर आपटतायत आणि ते मला थांबवता येत नाहीत.

फडक्याखाली उजेड झाला. ओहोटीच्या वेळी खाडीवर असतो तसा, राखाडी.

"काय दिसतंय?" गुरुजींचा आवाज लांबून आला.

"रस्ता. पुढे काठी घेतलेला म्हातारा चाललाय. मागे बघत नाही."

"त्याच्या मागे जा."

रस्त्यावर माणसं होती. सगळ्यांनी नवे कपडे एकावर एक चढवलेले, मयताला चढवतात तसे, आणि कोणी बोलत नव्हतं. एका कमानीखालून आम्ही गेलो. पुढे पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी मोठ्या हंड्यातून सूप वाढत होती. हा हंडा लहानपणापासून ऐकून ठाऊक होता. ते प्यालं की सगळं विसरायचं आणि नव्याने जन्माला जायचं. आल्याचा वास येत होता. तिने वाटी भरली आणि माझ्यापुढे धरली.

"दमलीस ना, बाळ?" ती म्हणाली.

नऊ वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी हात पुढे केला.

टेबलावर फाडकन हात आपटल्याचा आवाज झाला. "प्यायचं नाही!"

मी हात मागे घेतला. म्हातारीला राग आला नाही. तिने वाटी हंड्यावर उपडी केली आणि दुसऱ्याला भरून दिली.

पूल ओलांडल्यावर घरं लागली. लोकांनी आपापल्या मेलेल्यांसाठी जाळलेली कागदी घरं, तीन-तीन मजली, कडा करपलेल्या. दारात कागदी मोटारी. मग रस्ता अरुंद झाला आणि आमच्या गल्लीसारखीच गल्ली आली, शिंपल्यांच्या ढिगासकट. म्हातारा थांबला. शेजारी शेजारी तीन घरं होती. मधल्या घराच्या छपरातून धूर येत होता. हे आईंचं, हे मला सांगावं लागलं नाही.

मी आत गेले. चूल पेटलेली होती, स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. चुलीपासून जरा अंतरावर एक मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या गालावर गोल लाल ठिपके होते. चेहरा सपाट. वाऱ्याने ती किंचित फडफडत होती.

"चुन-ताओ," मी म्हटलं.

सासरे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर जाळायला कागदी मोलकरीण आणली होती. बिननावाची मोलकरीण तिकडे कोणाचं ऐकत नाही, म्हणून जाळण्याआधी तिच्या कानाशी नाव सांगावं लागतं. ह्यांना सुचेना, तेव्हा मीच सांगितलं होतं.

"मालक कुठे?"

"मालक सूप पिऊन केव्हाच गेले," ती म्हणाली. आवाज कागद चुरगळल्यासारखा होता. "धाकल्या मालकांनी उदबत्ती लावून सांगितलं, आता आईची चूल बघ. तेव्हापासून इथेच आहे, वहिनीसाहेब."

तिने चुलीत लाकूड सरकवायला हात लांब केला. तो हात कोपरापर्यंत जळालेला होता.

लाकूड म्हणजे बांबू होता. ओला, खारट वासाचा, त्यावर कालवांचे शिंपले अजून चिकटलेले. तो पेटत नव्हता, नुसता धुमसत होता. धुराने माझे डोळे चुरचुरू लागले. भिंतीशी आणखी थोडे बांबू होते आणि त्यांच्यावर, पुढची पाळी त्याचीच असल्यासारखं, एक बुटकं स्टूल ठेवलेलं होतं.

त्या स्टुलाचा एक पाय तारेने बांधलेला होता. ती तार मी स्वतः गुंडाळली होती.

मी बाहेर येऊन डावीकडच्या घरात पाहिलं. दार नव्हतं. छप्पर नव्हतं. आतली खाट नव्हती. चुलीपुढे एकही काडी नव्हती. बांबूच्या दोन भिंती तेवढ्या उभ्या होत्या, आणि त्यांचेही अर्धे बांबू उपसून नेलेले.

उजवीकडच्या घरात पाहिलं. जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकूड रचलेलं. कोरडं, सारख्या मापाचं, सालीला हातसुद्धा न लागलेलं. दारात ह्यांची सायकल टेकवलेली होती.

मी पुन्हा मधल्या घरात गेले.

"चुन-ताओ, हे लाकूड कुठून आणतेस?"

"तुमच्याकडून."

"कोणी सांगितलं?"

"धाकल्या मालकांनीच. म्हणाले, बायकोच्या घरचं आण. तिचं मन मोठं आहे, ती नाही म्हणायची नाही."

राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो माझ्यापर्यंत पोचेतो माझा दम संपला होता. मी त्या स्टुलावर बसले. नऊ वर्षांची कोंबड्यांची सुपं मला आठवली. चूल विझू द्यावी, असंही एकदा मनात आलं. पण आईंना उपाशी ठेवणं या हातांना येत नाही. आईंनी काही मागितलं नव्हतं.

"तुझं नाव कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"तुम्ही."

"मग यापुढे तिकडून आणायचं." मी उजवीकडे बोट दाखवलं.

ती फडफडली, पण हलली नाही. तिला घर नेमकं कळेना, की भीती वाटत होती, कोण जाणे. तेव्हा मीच उठले, ह्यांच्या घरातून पहिली मोळी उचलून आणली आणि चुलीपाशी टाकली. आणखी एक आणली.

"ताई, तुमचे हात काय करतायत?" गुरुजींचा आवाज आला.

"काम."

"तिकडे काम करायचं नसतं! सोडा ते, परत फिरा."

"आले, आले."

कोरडं लाकूड चुलीत गेलं तसा धूर निवळला. मागे वळून पाहिलं तर चुन-ताओ उजव्या घराच्या दारातून लाकडाची मोळी घेऊन येत होती. स्टूल मी माझ्या घरात नेऊन ठेवलं.

फडकं सोडलं तेव्हा खिडकीत ऊन तसंच होतं. तळहाताला कुसळं लागली होती. कालवं फोडणाऱ्या बाईच्या हाताला कुसळं काही नवी नाहीत.

"दादाचं किती उरलंय?" पाओ-चूने घाबरत विचारलं.

"भरपूर," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मग वाटेत तिने सगळ्यांसाठी अननसाचे केक घेतले.

घरी आले ती कुठेही न बसता. जिना एका दमात चढले, आईंना पुसलं, पेज टाकली. हे अजून बांधावरून आले नव्हते. आले ते सायकल हातात धरून, चालत. उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडायला वाकले आणि तसेच थांबले.

"काय झालं?" मी आतून विचारलं.

"काही नाही. आज जरा दमलो." मग थोड्या वेळाने, "गेली होतीस ना? काय पाहिलंस तिकडे?"

"तुमची सायकल पाहिली."

मी आईंना उशीला टेकवलं, पेज निववून पहिला चमचा दिला. त्यांनी तो सावकाश गिळला, नाक वर करून वास घेतला आणि हसल्या.

"आज धूर नाही. चांगलं वाळलेलं आहे. कुठून आणलंस?"

उंबऱ्यावरून हे माझ्याकडे बघत होते. नाडी तशीच हातात होती.

"घरचंच आहे, आई," मी म्हटलं. "भरपूर आहे." आणि पुढचा चमचा भरला.