धूपछाव सरड्यांचा उजेड

इचलकरंजीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पूर्वी शैलजाबाई तोडकरांचं शिलाई मशीन आणि दोन ट्रंका असायच्या. आता तिथे भिंतीभर जाळीचे पिंजरे होते, पिंजऱ्यांत जास्वंदीची झाडं होती आणि झाडांवर, नीट शोधले तरच सापडतील असे, अठरा सरडे होते. सकाळी शैलजाबाई पानांवर पाण्याचा फवारा मारायच्या. हे सरडे वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरून ओघळणारा थेंबच पितात. सगळ्यांचं पिऊन झालं, की पिंजऱ्यावर बसवलेला रंगवाचक बोलायला लागायचा.

"नर शांत आहे. मादीची तहान भागली आहे. पिल्लं एक ते सोळा, भूक."

"ते मलाही दिसतंय," असं म्हणत शैलजाबाई रातकिड्यांचा डबा उघडायच्या.

हा सरडा लपण्यासाठी रंग बदलतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो रंगांतून बोलतो. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. राग, भीती, ऊन, आजार यांनुसार त्या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि कातडीवरून परतणारा उजेड बदलतो. रंगवाचकाचा कॅमेरा तो उजेड मोजायचा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. त्याच्यामुळेच साध्या माणसांना हे नाजूक प्राणी घरी सांभाळता येऊ लागले होते.

आणि सांभाळणं भाग होतं. मादागास्करमधल्या एका डोंगरउतारावरचं यांचं जंगल लागोपाठच्या तीन दुष्काळांत जळून गेलं होतं. उरलेले सरडे एका मोठ्या केंद्रात गोळा केले, तर एकाच मोसमात बुरशीच्या रोगाने केंद्र जवळपास रिकामं झालं. तेव्हा ठरलं, की यापुढे सगळे एका छताखाली ठेवायचे नाहीत. जगभरातल्या नऊशे घरांत जोड्या वाटल्या गेल्या. त्यातली बासष्ट घरं महाराष्ट्रात होती. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. पण पहिल्याच दिवशी मादी हिरव्यातून तांबूस झाली तशा शैलजाबाई उद्गारल्या होत्या, "अगं बाई, ही तर धूपछाव!" उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, असं ते हलवलं की रंग पालटणारं कापड. बासष्टही घरांत तेच नाव रूढ झालं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी रंगवाचक म्हणाला, "पिल्लू सात. रंग अनोळखी."

शैलजाबाईंनी जाळीला नाक लावून पाहिलं. पिल्लू फांदीवर बसलं होतं, पण मलूल. संध्याकाळपर्यंत आणखी चार पिल्लं अनोळखी झाली. दुसऱ्या दिवशी अकरा.

प्रकल्पाच्या प्राणिवैद्य डॉ. रुबीना जमादार यांचा मिरजेहून फोन आला. तिशीतली ही मुलगी एरवी फोनवर आधी रातकिड्यांची चौकशी करायची. आज तिने तसं काही केलं नाही.

"काकू, खोली बंद ठेवा. दुसऱ्या कुणाला आत सोडू नका. तुमचे कपडेसुद्धा वेगळे धुवा."

"रोग आहे का गं?"

"माहीत नाही. केंद्रातली बुरशी आली तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. अनोळखी रंगाने. म्हणून नियम केलाय. दहा दिवसांत रंग ओळखीचा झाला नाही, तर..."

"तर?"

"तर त्या घरातले सगळे प्राणी शांत करायचे. मोठेसुद्धा."

"शांत म्हणजे मारायचे," शैलजाबाई म्हणाल्या.

रुबीना हळूच म्हणाली, "अकरा घरांत केलंय, काकू. या महिन्यात."

फोन ठेवून शैलजाबाई बराच वेळ पिंजऱ्यापुढे स्टुलावर बसून राहिल्या. या पिल्लांची अंडी मादीने वाळूत पुरली तो दिवस त्यांना आठवत होता. आठ महिने त्यांनी त्या वाळूचा ओलावा बोटाने तपासला होता. यजमान गेल्यानंतरच्या रिकाम्या घरात त्या अंड्यांनी त्यांना रोज उठायला कारण दिलं होतं.

त्यांनी अठ्ठावीस वर्षं कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या रंगशाळेत काढली होती. गिऱ्हाईकाने दिलेल्या चिंधीशी जुळणारा रंग काढायचा, हे त्यांचं काम. पुढे रंग जुळवणारं यंत्र आलं आणि त्यांना लवकर घरी बसावं लागलं. यंत्राचा राग त्यांनी कधी धरला नाही. ते त्यांच्याहून भरभर काम करायचं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

पण डोळे काही निवृत्त झाले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रंगवाचकाचा आवाज बंद केला आणि नुसतं पाहायला सुरुवात केली. पाठीचा हिरवा रंग तोच होता. पोटावरची तांबूस झाक तीच होती. फरक होता डोक्यावरच्या तुऱ्यात. तिथे बारीक उंचवटे असतात. ते नेहमी किंचित निळसर उजळलेले दिसत, जणू आतून कुणी फुंकर घातली आहे. आता ते विझले होते. मोठ्या नरमादीचेही मंदावले होते. ते अजून धडधाकट होते, एवढंच.

निळसर उजेड जातो कुठे?

त्यांना बसगोंडा मास्तर आठवले. रंगशाळेत त्या नव्या लागल्या तेव्हा मास्तर तिथले मुख्य डाइंग मास्तर होते. एकदा शैलजाबाईंचा एक पांढरा तागा परत आला, मळकट आहे म्हणून. त्या रडकुंडीला आल्या. मास्तरांनी तो तागा उचलला, अंगणात नेऊन उन्हात धरला आणि म्हणाले, "बघ, कसा झळकतोय. रंगावर आळ घेण्याआधी उजेड तपास, पोरी. गिऱ्हाईकाच्या दुकानातला दिवाच खोटा आहे." पांढऱ्या कापडात एक द्रव्य घालतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ते पितं आणि निळसर झळाळी बाहेर टाकतं. उन्हात ते किरण असतात, प्रत्येक दिव्यात नसतात.

शैलजाबाई उठल्या. कपाटातून कोरा पांढरा रुमाल काढला. गॅलरीत उन्हात धरला, तर निळसर पांढरा लखलखला. पिंजऱ्यावरच्या दिव्याखाली धरला, तर भाकरीच्या पिठासारखा मंद.

हा दिवा साधा नव्हता. प्रकल्पाने तो खास अतिनील किरणांसाठीच दिला होता. त्या किरणांशिवाय सरड्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. दिवा लख्ख पेटला होता, खोलीभर उजेड होता. म्हणून तर कुणाला शंका आली नव्हती. पण त्यातले न दिसणारे किरण आटले होते, आणि त्यांच्याविना तुराही त्या रुमालासारखाच मंद पडला होता.

त्यांनी लगेच फोन लावला. "रुबीना, पोरी, पिल्लांना रोग नाही. दिवा मेलाय."

"काकू, दिव्याची मुदत दोन वर्षांची आहे. अजून एकच झालंय."

"मुदत डब्यावर छापतात. तू ये आणि मोजून बघ."

"मला परवानगी..."

"अगं, सातव्या पिल्लाला आज फांदी धरता येत नव्हती. त्याचा पाय वाकतोय. बुरशीने पाय वाकतो का, सांग मला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग रुबीना म्हणाली, "उद्या येते."

ती आली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं अतिनीलमापक घेऊनच. तिने ते दिव्याखाली धरलं. काटा जेमतेम हलला. तिने जागा बदलून धरलं, जवळ नेलं, पुन्हा धरलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"रंगवाचकाचं यंत्र नव्या दिव्यांखाली शिकलंय, काकू. म्हाताऱ्या दिव्याखाली हे रंग कसे दिसतात, ते त्याला आम्ही दाखवलंच नाही. म्हणून ते अनोळखी म्हणालं. ते खरंच बोलत होतं. आम्हीच त्याचा अर्थ रोग असा लावला." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अकरा घरं. मी स्वतः चार ठिकाणी इंजेक्शन दिलं."

शैलजाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "माझ्या हातून एकदा तीनशे तागे वाया गेले होते. मास्तर म्हणाले, रडून घे, पण तासाभरात कामाला लाग. उरलेला माल वाचव." त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "एक्कावन्न घरं उरलीत ना?"

रुबीनाने डोळे पुसले आणि तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत इंजेक्शनं थांबली. आठवड्याभरात सगळीकडे नवे दिवे पोहोचले, आणि इतर देशांतल्या घरांनाही कळवलं गेलं. तिथेही पाच ठिकाणी तेच घडत होतं.

शैलजाबाईंची दोन पिल्लं गेली. सातवं वाचलं, पण पाय वाकडा राहिला. महिन्याभरात बाकीच्यांच्या तुऱ्यावर पहाटेच्या आभाळासारखी निळाई परत चढली. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा शैलजाबाईंनी नकळत हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांना असतील, यंत्राला असतील, ऐकून घेणाऱ्या त्या पोरीलाही असतील.

प्रकल्पाने पत्र पाठवून त्यांचे आभार मानले आणि दिवा तपासण्यासाठी प्रत्येक घरी पांढऱ्या कापडाची पट्टी द्यायचं ठरवलं. पट्टीला शैलजाबाईंचं नाव द्यावं असं रुबीनाच्या मनात होतं.

"बसगोंडा पट्टी म्हणा," शैलजाबाई म्हणाल्या. "ते असते तर त्यांना हसू आलं असतं. पण म्हणा."

एप्रिलमध्ये रुबीनाने मादागास्करहून आलेला एक व्हिडिओ कॉल जोडून दिला. पडद्यावर वुलुलुना नावाच्या पन्नाशीच्या वनाधिकारी होत्या. त्यांच्यामागे डोंगरउतार होता आणि त्यावर माणसाच्या छातीएवढी झाडं. अनुवादक यंत्र त्यांचं बोलणं मराठीत सांगत होतं.

"ताई, तुमच्यामुळे आमचे सरडे जगले. आमच्या गावाने तुमच्यासाठी एक झाड लावलंय. सहा वर्षांनी इथे सावली होईल. तेव्हा त्यांना घरी आणायचंय."

शैलजाबाईंनी जाळीचं दार उघडून हात पुढे केला. पिल्लांतली एक, आता तरणी झालेली मादी सावकाश, डुलत डुलत त्यांच्या मनगटावर चढली आणि तिथेच निवांत हिरवी होऊन बसली. त्यांनी हात पडद्यापुढे धरला.

वुलुलुना पाहतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या आज्या सांगायच्या, याला हात लावू नका, अपशकुन होतो. त्या भीतीने आम्ही त्यांच्यापासून लांब राहिलो, आणि तेही आमच्यापासून. हातावर बसलेला मी आज पहिल्यांदा पाहतेय." त्या पडद्याच्या जवळ सरकल्या. "एक विचारू का, ताई? रागावू नका. आजही रानात चोरून पकडणारे येतात. या पिल्लांची पिल्लं इथे आली आणि एखादा माणूस हात पुढे करून उभा राहिला, तर ती पळतील ना?"

शैलजाबाईंनी मनगटावरच्या मादीकडे पाहिलं. "मी विचार करते," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रातकिडे हातावर न देता लांब चिमट्याने आत सोडले आणि दार लावून घेतलं. तरणी मादी फांदीच्या टोकापर्यंत आली. जाळीपाशी थांबली. एक डोळा शैलजाबाईंकडे आणि दुसरा दाराकडे ठेवून तिने पुढचा पाय हवेत उचलला आणि तसाच धरून ठेवला.

शैलजाबाई दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या होत्या. एवढ्या मायेने वाढवलेल्या जिवाला माणसाचं भय शिकवायचं, ते कोणत्या हातांनी?